आवाज बारीक का येतो?



या व्यासपीठावर आम्हाला यापूर्वी बोलावले गेले ते बोनस, ग्रॅच्युइटी आणि कामगार कायदा अशा विषयांवर. यंदा आम्ही चिटणीसांना कळविले की, घरच्या संगणकावर माणसाचा आवाज नीट कसा धरावा यावर आम्हाला बोलावयाचे आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय आमच्या धंद्याबाहेरचा दिसतो खरा, पण आम्ही त्यात कसे पडलो ते आधी सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तेव्हा जो पंचविशीत होता तो आज सत्तरीला टेकला आहे, आणि जो चाळिशीत होता तो असलाच तर पंचाऐंशीच्या आसपास आहे. या माणसांनी लिहून काही ठेवलेले नाही. त्यांच्यापाशी आहे ते तोंडी. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावच्या लोकांच्या जबान्यांचे ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक काढले, ते वाचल्यावर आम्हालाही वाटले की आपल्या ओळखीच्या चार म्हाताऱ्यांना आपण बोलते करावे. पुस्तकात शब्द राहतात. आम्हाला आवाजही हवा होता.

पहिले गृहस्थ आमच्या वडिलांबरोबर विणाई खात्यात काम केलेले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत आम्ही मुलीचा लॅपटॉप घेऊन गेलो, सभेच्या कर्ण्याबरोबर असतो तसला माईक टेबलावर ठेवला आणि काका दोन तास बोलले. घरी येऊन ऐकतो तो काय, पंख्याचा घरघराट, त्याच्याखाली वाळूसारखी खरखर, आणि या सर्वांच्या तळाशी कोठे तरी काका. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता पावसाळा लागला, आणि भाद्रपदात काका गेले.

चूक कोठे झाली हे कळावयास आम्हाला वर्ष लागले. आमची शाळा नववीत सुटलेली. वीज आम्ही शिकलो ती युनियनच्या कचेरीतला कर्णा वारंवार बिघडे म्हणून. तेव्हा जे सांगणार आहो ते आमच्यासारख्याला समजले अशाच भाषेत सांगू.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील बारीक चढउतार. माईकच्या आत एक पातळ पडदा असतो, तो या दाबाने हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. ती किती? सभेत हातात धरतात त्या जातीचा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे. एक पास्कल दाबाचा, म्हणजे ९४ डेसिबलचा, चांगला दणदणीत आवाज त्यावर पडला तर तो जेमतेम पावणेदोन ते दोन मिलिव्होल्ट वीज देतो. आपण सहज बोलतो तो आवाज एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरतो; त्याचा दाब त्या पास्कलच्या पन्नासावा भाग. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या काकांच्या बोलण्याने आमच्या माईकमधून एका व्होल्टच्या सुमारे सत्तावीस हजाराव्या भागाइतकी वीज निघत होती. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आम्ही केवढ्याशा वस्तूवर दोन तास विसंबून राहिलो याची कल्पना येईल.

यावर पहिला उपाय असा की ज्याला पैसा पडत नाही: माईक जवळ न्यावा. मोकळ्या हवेत अंतर निम्मे केले की दाब दुप्पट होतो. बंद खोलीत हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण जवळच्या अंतरात बराच पडतो. एक मीटरवरून वीतभर अंतरावर आणला तर आवाज सुमारे साडेचारपट, आणि तोंडापासून चार बोटांवर आणला तर बारातेरापट. यातली खरी गोम वेगळीच आहे. माईक काकांच्या जवळ गेला म्हणून तो पंख्याच्या जवळ जात नाही. काकांचा आवाज बारापट होतो, पंखा होता तेवढाच राहतो. बटण फिरवून आवाज वाढविला तर दोघेही सारखेच वाढतात. जी गोष्ट अंतराने साधते ती कोणत्याही यंत्राने साधत नाही, आणि दोन मीटरवर ठेवलेल्या भारी माईकपेक्षा वीतभरावर धरलेला साधा मोबाइल बरा, असे आमचे मत झाले आहे. माईक विकणाऱ्यांना ते पटणार नाही.

मात्र फार जवळ गेले की प, फ, भ या अक्षरांचा वारा पडद्यावर आदळून धप्प असा आवाज उमटतो, आणि सभेच्या जातीच्या माईकवर आवाज घुमाही होतो. म्हणून माईक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडून तिरका धरावा.

आता आमची दुसरी चूक. आमच्या माईकची पिन जाड होती आणि लॅपटॉपचे भोक बारीक. दुकानदाराने एक जोड दिला आणि सांगितले, लावा, चालेल. चालले, पण कसे ते पाहा. सभेच्या माईकात तारेचे वेटोळे लोहचुंबकाजवळ हलते आणि त्यातून स्वतःची वीज निघते. त्याला डायनॅमिक माईक म्हणतात. संगणकाचे बारीक भोक त्याच्यासाठी केलेलेच नाही. ते इलेक्ट्रेट जातीच्या माईकसाठी आहे. हा प्रकार जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६२ च्या सुमारास सिद्ध केला. त्याच्या पडद्यावर विजेचा भार कायमचा गोठवून ठेवलेला असतो आणि आत एक चिमुकला वर्धक बसविलेला असतो. त्या वर्धकाला लागणारे दोनतीन व्होल्ट संगणक त्याच भोकातून पुरवितो. हा माईक सभेच्या माईकच्या चारपाचपट तरी वीज देतो. संगणकाची अपेक्षा तेवढ्याची असते. आपण त्याच्या पदरात पाचवा हिस्सा टाकतो आणि मग तो बिचारा आपल्या पोटातल्या हलक्या वर्धकाने उरलेला ओढून काढतो. त्या ओढाताणीचीच ती वाळूसारखी खरखर.

विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये माईकची पातळी शंभरापर्यंत नेता येते, आणि कित्येक संगणकांवर त्याखाली ‘माईक बूस्ट’ म्हणून दहा, वीस, तीस डेसिबलची पायरी असते. वीस डेसिबल म्हणजे दहापट, तीस म्हणजे तीसपटीहून थोडे अधिक. जवळच्या इलेक्ट्रेट माईकला दहाची पायरी पुष्कळ झाली. तीसची लागते आहे असे दिसले तर माईक तरी दूर आहे किंवा जात तरी चुकली आहे, असे खुशाल समजावे.

सभेचाच माईक वापरावयाचा असेल तर मध्ये एक लहान पेटी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात आणि ती यूएसबीने संगणकाला जोडतात. मिळते काही हजार रुपयांत. तिच्यातला वर्धक चांगला असतो, आणि तो संगणकाच्या गजबजलेल्या पोटाबाहेर असतो. चार बोटांवरून बोलणाऱ्याची वीज अर्ध्या मिलिव्होल्टच्या घरात येते. ती व्होल्टाच्या आसपास न्यावयाची तर दोन हजारपट वाढवावी लागते, म्हणजे साठ-पासष्ट डेसिबल. हलक्या बोलणाऱ्यापुढे स्वस्त पेटी येथे धापा टाकू लागते. कंडेन्सर जातीच्या स्टुडिओच्या माईकला तेवढे लागत नाही, पण त्याला ४८ व्होल्ट द्यावे लागतात. पेटीवर त्याचे बटण असते, ते दाबावयाचे विसरले की माईक मुका. घरगुती कामाला यूएसबीचा माईक घेतला तर पेटीची कटकटच नाही.

आवाज वाढवावयाचा तो वाटेत जितका आधी वाढविता येईल तितका आधी. शेंगदाण्यातले खडे कूट करण्याआधी निवडावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. ध्वनिमुद्रण झाल्यावर ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाज मोठा करता येतो, पण तोवर खरखर त्यात कुटली गेलेली असते.

मग एकदमच भरपूर वाढवून ठेवावा काय? तेही नाही. संगणकाच्या मोजपट्टीवर शून्य हे छत आहे आणि सारे आकडे त्याखालचे, उणे. आवाज छताला लागला की त्याचा माथा सपाट कापला जातो, बोलणे फाटते, आणि ते मग नीट शिवता येत नाही. मोठ्यात मोठा उच्चार उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान पोचावा अशी पातळी ठेवावी. चोवीस बिटांवर मुद्रण करण्याची सोय असेल तर ती घ्यावी, म्हणजे थोडे खाली राहिले तरी बिघडत नाही.

पातळी ठरविताना आम्ही जेथे फसलो ते कोणत्या पुस्तकात सापडले नाही. म्हातारा कामगार माईक पाहिला की गेटसभेत बोलतो तसा बोलतो. पहिली दहा मिनिटे घोषणांची. त्यावर पातळी ठरवावी तर अर्ध्या तासाने तो माणूस खाली बघत सांगू लागतो की घरातले काय काय विकले, मुलाला शाळेतून कधी काढले, आणि तो आवाज उणे चाळिशीत जाऊन बसतो. आम्हाला हवे असते ते नेमके तेवढेच. म्हणून आम्ही आता आधी गावाकडची, पिकापाण्याची चौकशी करतो, तो साध्या आवाजात आला की पातळी लावतो, आणि घोषणा फाटल्या तर फाटू देतो. शिवाय टेबलावरचा माईक सोडून सदऱ्याला लावावयाचा चिमट्याचा माईक घेतो. तो हनुवटीखाली वीतभर राहतो, आणि बोलणारा मागे रेलला तरी बरोबर जातो.

एक फजिती सांगितली पाहिजे. दुसऱ्या खेपेला आम्ही चिमट्याचा माईक नीट लावला आणि तरी आवाज दूरचाच आला. हल्लीच्या लॅपटॉपला पुष्कळदा एकच भोक असते, ऐकण्याचे आणि बोलण्याचे मिळून, आणि त्याला चार कड्यांची पिन लागते. आमची तीन कड्यांची होती. संगणकाने ती माईक म्हणून ओळखलीच नाही, आणि तो आपल्या पोटातल्या माईकने ऐकत बसला! आता आम्ही सुरू करण्यापूर्वी माईकवर नखाने हळूच खाजवतो. पडद्यावरची रेघ उडाली नाही, तर संगणक दुसऱ्याच कानाने ऐकतो आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पंखा बंद, खिडकी बंद, फ्रीज शक्य तर बंद (पुन्हा सुरू करावयाचे विसरू नका, आम्ही एका बाईंचे दूध नासवले आहे). भिंतीवर गोधडी टांगली तर घुमणे कमी होते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे, ५० हर्ट्झची गुणगुण कित्येकदा तेथूनच येते. आणि आरंभी दहा सेकंद कोणीही न बोलता खोलीचा आवाज तेवढा धरावा. पुढे खरखर कमी करण्याच्या सोयीला तो नमुना लागतो. ती सोय बेताने वापरावी, नाही तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

काकांच्या वर्षश्राद्धाला काकूंनी आवाज मागितला. कानाला हेडफोन लावून आम्ही त्या दोन तासांतले बरेचसे उतरवून काढले होते, पण ऐकविण्याजोगे काय होते? शोधता शोधता साडेचार मिनिटांचा एक तुकडा सापडला. मध्येच चाळीतली वीज गेली होती. पंखा थांबला होता, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, गुणगुणही नव्हती. तेवढा भाग वाढविला तेव्हा काका थोडी खरखर घेऊन का होईना, स्पष्ट बाहेर आले. त्यात संपाचे काही नाही. मेणबत्ती कोठे ठेवली आहे म्हणून ते काकूंना विचारतात, काकू आतून सांगतात, ती तेथे नाही म्हणून ते पुन्हा विचारतात. काकूंनी तो तुकडा तीनदा ऐकला आणि म्हणाल्या, मेणबत्ती फळीवरच होती.