खोट्या संचावरची शिफ्ट

1981 साली ‘भारतीय वीज नियम, 1956’ मध्ये एक दुरुस्ती झाली. 100 मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या वीजकेंद्रातला संच चालवायचा किंवा त्याची देखभाल करायची, तर नुसती पदवी-पदविका चालणार नाही, ठरवून दिलेलं प्रशिक्षण पुरं केलेलं हवं, असं तिने सांगितलं. आदल्याच वर्षी केंद्र सरकारने वीज इंजिनिअरांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था काढली होती. तीच पुढे एनपीटीआय झाली. तिचं एक केंद्र नागपुरात गोपाळनगरला आहे. आमची पिढी नोकरीला लागली ती याच सुमारास.

त्याआधी माणसं शिकत नव्हती असं नाही. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाउस 1929 पासून रेल्वेला वीज देत होतं, टाटांचं ट्रॉम्बे 1956 पासून मुंबईला. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या पॅनेलसमोर उभ्या राहून तयार झाल्या. नव्या पोराने सिनियरच्या मागे उभं राहायचं, हात पाठीशी बांधायचे आणि बघायचं. पहिले काही महिने लॉगशीट भरायची, चहा सांगायचा, फील्डवर जाऊन ‘पंपाचं बेअरिंग गरम आहे का बघून ये’ म्हटलं की पळायचं. या पद्धतीने हात तयार होत, कानही होत. माझ्या पाहण्यातले काही जुने ऑपरेटर मिलचा आवाज ऐकून कोळसा ओला आहे का ते सांगत.

पण या शिक्षणात एक पेच होता. संच जितका नीट चाले, तितकं नव्याला कमी शिकायला मिळे. दोनशे-दहा मेगावॅटचा संच पूर्ण भारावर असताना अचानक ग्रिडपासून तुटला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं, हे वर्षानुवर्षं शिफ्ट करूनही एखाद्याने प्रत्यक्ष पाहिलेलं नसे. आणि पाहायला मिळावं म्हणून चालता संच पाडायला कोण देणार? भारनियमनाच्या काळात तर तसं बोलायचीही सोय नव्हती. आमच्या जिते गावापासून जवळच हमरापूर-जोह्याला गणपतीचे कारखाने आहेत. ऐन श्रावणात वीज गेली की रंगाचा कॉम्प्रेसर बंद, आणि कारखानदाराच्या तोंडी वीज मंडळाचा उद्धार सुरू. अशा दिवसांत शिकवण्यासाठी संच ट्रिप करतो म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

म्हणून खोटा संच, म्हणजे सिम्युलेटर. त्याची गरज जगाला पटली ती मात्र कोळशाच्या केंद्रामुळे नाही. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात एक झडप उघडी अडकली आणि तिच्यातून पाणी जात राहिलं. पॅनेलवर प्रेशरायझरची पातळी मात्र वर चढलेली दिसत होती. ऑपरेटरांनी पाणी भरपूर आहे असं समजून आपत्कालीन पुरवठा कमी केला, आणि आत गाभा उघडा पडत गेला. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. प्रशिक्षणावर त्यात कडक ताशेरे होते. ही माणसं ज्या सिम्युलेटरवर शिकली होती, त्यात नेमकी ही परिस्थिती उभी करायची सोयच नव्हती, हेही त्यात निघालं. गंमत म्हणजे असाच एक प्रसंग 1977 मध्ये ओहायोतल्या दुसऱ्या केंद्रात निभावला होता, पण त्याचा धडा इथवर पोचला नव्हता.

पातळी वर म्हणजे पाणी जास्त, ही चूक करायला अणुभट्टी लागत नाही. आपल्या बॉयलरच्या ड्रममध्ये ती रोज घडू शकते, आणि सिम्युलेटरवर मी सगळ्यात जास्त वेळा घडवून आणलेला बिघाडही हाच.

तो असा. संच 200 मेगावॅटवर निवांत चाललाय, ड्रममधला दाब दीडशे किलोच्या आसपास, वाफ 540 अंशांवर, पातळी शून्यावर. फीडवॉटर मुद्दाम मॅन्युअलवर ठेवलंय. इन्स्ट्रक्टर आपल्या काचेआडच्या टेबलावरून एक सेफ्टी व्हॉल्व्ह उघडा सोडतो. दाब घसरतो. दाब घसरला की ड्रममधल्या आणि वॉटरवॉलच्या नळ्यांमधल्या वाफेचे बुडबुडे एकदम फुगतात आणि पातळी चढू लागते. दूध उतू जाताना वर येतं तेव्हा पातेल्यात दूध वाढलेलं नसतं, तसंच हे. पोराच्या डोळ्यांसमोर आकडा चढतोय: अधिक पन्नास, अधिक ऐंशी, अधिक सव्वाशे. अधिक बाजूलाही ट्रिप आहे, पाणी टर्बाइनमध्ये गेलं तर पाती जातील, हे त्याने पुस्तकात वाचलंय. हात आपोआप फीडवॉटर कमी करतो. वाफेचा प्रवाह मात्र पाण्याच्या प्रवाहापेक्षा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. तो आकडा शेजारच्याच इंडिकेटरवर आहे, पण तिकडे कोण बघतंय! मग फुगवटा बसतो आणि पातळी दगडासारखी खाली येते. आता घाईने पाणी वाढवलं तर ते त्यामानाने थंड पाणी बुडबुडे आणखी मारतं आणि पातळी आणखीच खाली जाते. शून्याच्या खाली सव्वादोनशे-अडीचशे मिलिमीटर झालं की बॉयलर ट्रिप. हूटर, लाल खिडक्या, आणि चेहरा पांढरा पडलेला पोरगा.

खऱ्या संचावर इथून पुढे लाखोंचं तेल जाळून सगळं पुन्हा उभं करायचं असतं: भट्टीचं पाच मिनिटांचं पर्ज, ऑइल गन, दाब, रोलिंग, 3000 फेरे, सिंक्रोनायझेशन. इथे इन्स्ट्रक्टर ‘फ्रीझ’ दाबतो. सगळे काटे जागच्या जागी थिजतात. मग ‘बॅकट्रॅक’ करून दोन मिनिटं मागे जायचं आणि विचारायचं, ‘आता पातळी सोड. वाफ किती चाललीय आणि पाणी किती, ते वाच.’ संच मागे नेऊन तोच क्षण पुन्हा जगायला देणं हे कुठल्याही सिनियरला कधी जमलं नव्हतं. माझ्या मते सिम्युलेटरची सगळी किंमत या एका बटणात आहे.

महाराष्ट्राला एक गोष्ट सोयीची पडली. नाशिकचं एकलहरे, भुसावळ, परळी, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा सगळीकडे दोनशे-दहाचे संच उभे राहिले होते. टर्बाइनच्या जातीत फरक असला तरी बॉयलर, ड्रम, मिल यांचं वागणं सारखं. त्यामुळे एका संचाची नक्कल केली की राज्यभरातली माणसं तिच्यावर तयार करता येत. कोराडीचं प्रशिक्षण केंद्र आमच्या लोकांच्या बोलण्यात ‘केटीसी’ म्हणून यायचं. तिकडे सिम्युलेटरला जाऊन आलेला माणूस शिफ्टवर परतला की आठवडाभर त्याच्या गोष्टी पुरत. पाचशेचं युग वेगळ्या वाटेने आलं: देशातला पहिला 500 मेगावॅटचा संच 1984 मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला, आणि नव्वदच्या दशकात चंद्रपूरला तीन आले.

सुरुवातीच्या सिम्युलेटरांत पॅनेल हुबेहूब असायचं: तीच बटणं, त्याच खिडक्या, तेच पेन-रेकॉर्डर. मागच्या थंड खोलीत संगणक, आणि त्यात समीकरणं: किती वस्तुमान आत आलं, किती बाहेर गेलं, उष्णता कुठे गेली, झडप किती उघडल्यावर प्रवाह किती. सेकंदाला कित्येकदा ती सोडवायची आणि काटे हलवायचे. पुढे प्रत्यक्ष केंद्रांतच पॅनेल जाऊन पडदे आणि माऊस आले, तसं सिम्युलेटर म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर उरलं. आज ते चार-सहा साध्या संगणकांवर चालतं. खर्च उतरला, गर्दी वाढली. नुकसान झालं ते बारीक होतं. जुन्या पॅनेलवर पाच माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत काम करायची, कोण कुठे धावला ते सगळ्यांना दिसायचं. पडद्यावर प्रत्येक जण आपल्या चौकोनात. शिफ्ट इन्चार्जने आवाज कसा द्यायचा, हे शिकवायला आता मुद्दाम वेळ काढावा लागतो.

काही गोष्टी तर मॉडेलमध्ये मावतच नाहीत. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशात उंचाहारला एनटीपीसीच्या 500 मेगावॅटच्या संचात बॉयलरच्या तळाशी राख साठली, भट्टीतला दाब एकदम वाढला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. भट्टीतला दाब वाढला की काय होतं हे सिम्युलेटर दाखवू शकतो. पण संच चालू ठेवून राख काढायची की भार सोडून संच खाली घ्यायचा, हा निर्णय दाखवू शकत नाही. तिथे काट्यांइतकाच वरून येणारा फोन महत्त्वाचा असतो, आणि असा फोन करणारी सोय कुठल्याही इन्स्ट्रक्टर स्टेशनवर मी पाहिलेली नाही.

2015 ते 2017 या काळात कोराडीला 660 मेगावॅटचे तीन संच आले, सुपरक्रिटिकल. वाफेचा दाब 221 बारच्या वर गेला की पाणी आणि वाफ असा भेद उरत नाही. ड्रमच नाही, म्हणजे पातळीही नाही. आमची अर्धी विद्या एका फटक्यात मोडीत निघाली. तिथे पाण्याला आगीशी मेळ घालावा लागतो, आणि तो चुकला की नळ्यांचं तापमान क्षणात उसळतं. अशा संचांवर पिकलेले सिनियर आमच्याकडे नव्हतेच. इथे पहिल्यांदा सिम्युलेटर अनुभवाच्या मागून न येता पुढे उभा राहिला.

आता तसंच पुन्हा होतंय, आणि या वेळी जुन्या संचांवर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये नियम केले की कोळशाच्या संचांनी टप्प्याटप्प्याने 40 टक्के भारापर्यंत खाली यायची तयारी ठेवावी. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा कोळशाने बाजूला व्हायचं आणि सूर्य मावळला की लगेच वर यायचं. आमच्या काळी संच सलग किती दिवस चालला यावर शाबासकी मिळायची. 40 टक्क्यांवर ज्वाला डगमगते, किती मिल ठेवायच्या हा प्रश्न पडतो, तेलाचा आधार घ्यावासा वाटतो, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने जाड पोलाद थकतं. हे सगळं कसं हाताळायचं ते मला कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे.

विचारणारी मुलं जित्यातही आहेत. इथे वीजकेंद्र नाही. जवळचं म्हणजे उरणचं वायू विद्युत केंद्र, 1982 पासूनचं, किंवा कारखान्यांचे स्वतःचे छोटे संच. अशाच एका संचावर शिफ्ट करणारा गावातला मुलगा रविवारी लॅपटॉप घेऊन येतो. ‘काका, सिम्युलेटरवर 40 टक्क्यांना सगळं छान स्थिर राहतं. खऱ्या संचाला 55 वरच घाम फुटतो,’ म्हणाला. त्याचं बरोबर आहे. मॉडेल बांधणाऱ्याच्या हाती कंपनीची डिझाइनची आकडेवारी असते, आणि ती असते पूर्ण भाराची, फार तर साठ-ऐंशी टक्क्यांची. त्याखाली सॉफ्टवेअर त्याच रेषा पुढे ओढतं. ओला कोळसा, घासलेली मिल, गळका डँपर हे त्यात कुठून येणार?

मी त्याला एवढंच सांगितलं की संच खाली गेला त्या प्रत्येक दुपारचे आलेख साठवून ठेव: ज्वालेचे सिग्नल, मिलचे अँपिअर, धातूची तापमानं. सिम्युलेटरवाल्यांना हेच लागणार आहे. तो म्हणाला, सर्व्हरवर जागा नाही म्हणून तीन महिन्यांपूर्वीचं सगळं पुसलं जातं. मग सोमवारी पहिलं काम म्हणून हार्ड डिस्क मागून घे, म्हटलं, आणि अर्जात ‘प्रशिक्षणासाठी’ असं लिहू नकोस. ‘ट्रिपचं विश्लेषण’ लिही, लवकर मंजूर होईल.