वस्तू पालटते, नाव टिकते : ड्रमसेटच्या परिभाषेचा विचार

पारिभाषिक संज्ञा वस्तूचे नेमके वर्णन करते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. संज्ञा एकार्थी असावी, पारदर्शक असावी आणि तिच्यावरून वस्तूचा बोध व्हावा, अशी अपेक्षा पारिभाषिक कोशांच्या प्रस्तावनांतून वारंवार व्यक्त झालेली आढळते. कोशकाराच्या मेजावर घडविलेल्या संज्ञांना ही अपेक्षा काही प्रमाणात लागू पडते. कारागीर, वादक आणि दुकानदार यांच्या व्यवहारात रुळलेल्या संज्ञांची घडण मात्र निराळी असते. या दृष्टीने पाश्चात्त्य ड्रमसेटची परिभाषा हे अभ्यासाला सोयीचे क्षेत्र आहे. हे वाद्य अलीकडचे असल्याने त्याच्या बहुतेक भागांचा आणि त्यांच्या नावांचा इतिहास उपलब्ध आहे. वस्तू केव्हा पालटली आणि नाव केव्हा टिकून राहिले, हे तेथे तारखांनिशी दाखविता येते.

ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हे, तर अनेक वाद्यांचा जमाव आहे. एकोणिसाव्या शतकातील लष्करी व नागरी बँडमध्ये मोठा ड्रम, लहान ड्रम आणि झांजा वाजविणारे वादक वेगवेगळे असत. अमेरिकेतील नाट्यगृहांत व नृत्यगृहांत जागा व पैसा यांची काटकसर करण्यासाठी एकाच वादकाकडे ही सर्व कामे आली. प्रारंभी तो दोन्ही ड्रम हातांनीच वाजवीत असे. पुढे मोठा ड्रम पायाने वाजविण्याचे अनेक प्रयत्न झाले आणि १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी शिकागो येथे व्यवहारोपयोगी पायपट्टी, म्हणजे पेडल, बाजारात आणले. एक पाय कामाला लागल्याबरोबर हात मोकळे झाले व बसून वाजविणारा वादक अस्तित्वात आला.

या जमावाला प्रत्येक भाषेने आपापल्या परीने नाव दिले. फ्रेंचमध्ये तो ‘बात्री’ झाला. तोफखान्याच्या रांगेलाही तेथे हाच शब्द आहे. जर्मनमध्ये तो ‘श्लागत्सॉइग’, म्हणजे आघाताचे सामान, झाला. इंग्रजीत ‘किट’ हा शिपायाच्या सामानाचा शब्द त्याला मिळाला. मूकपटांच्या काळात घोड्याच्या टापा, शिट्या, घंटा असे नाना आवाज काढणाऱ्या उपकरणांना ‘ट्रॅप्स’ म्हणत आणि त्यावरून संपूर्ण संचास ‘ट्रॅप सेट’ हे नाव पडले. बोलपटांनंतर ती उपकरणे संचातून जवळजवळ नाहीशी झाली, तरी नाव कित्येक दशके चालू राहिले. या संचातील स्टँड, पेडल, पकडी, आटे, पाय इत्यादी धातूच्या भागांना वादक एकत्रितपणे ‘हार्डवेअर’ म्हणतात. संगणकाने हा शब्द उचलण्याच्या कितीतरी आधी तो लोखंडी सामानाच्या दुकानाचा होता आणि ड्रमवादकांच्या तोंडी तो त्याच मूळ अर्थाने आहे.

या हार्डवेअरमधील सर्वांत उद्बोधक संज्ञा म्हणजे ‘हाय-हॅट’. एका पोकळ दांड्यावर दोन झांजा समोरासमोर बसविलेल्या असतात. खालची झांज स्थिर असते. वरची झांज आतील सळईला ‘क्लच’ नावाच्या पकडीने जखडलेली असते. पायपट्टी दाबली की सळई खाली ओढली जाते आणि झांजा मिटतात. या रचनेत ‘हाय’, म्हणजे उंच, असे काय आहे, हे वस्तूकडे पाहून कळत नाही. संचातील इतर झांजा तिच्याहून उंचावर असतात. उत्तर मिळते ते इतिहासात. १९२० च्या दशकात अशाच दोन झांजा गुडघ्याच्याही खाली, जमिनीलगत बसविलेल्या असत. त्या केवळ पायाने वाजत आणि त्यांना ‘लो-बॉय’ किंवा ‘लो-हॅट’ म्हणत. त्याच दशकाच्या उत्तरार्धात दांडा लांबवून झांजा हाताच्या टप्प्यात आणल्या गेल्या, म्हणजे काठीनेही वाजविता येऊ लागल्या. ‘उंच’ हे विशेषण या ‘बुटक्या’ पूर्वजाच्या तुलनेत लागले. पुढे काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातील जो जोन्स यांनी लयीचा मुख्य प्रवाह या झांजांवर नेला आणि बुटका पूर्वज विस्मृतीत गेला. तुलनेतील एक पद गळाले, दुसरे उरले. ज्या फ्रेंच वादकांनी हे उपकरण चार्ल्सटन नृत्याच्या लोकप्रियतेच्या काळात स्वीकारले, त्यांच्या भाषेत ते आजही ‘शार्ल्सटन’ आहे. नृत्य गेले, नाव उरले.

सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धांत मांडताना पूर्णतः यादृच्छिक आणि सापेक्षतः प्रेरित असा भेद केला होता. ‘वीस’ हे फ्रेंच संख्यानाम अप्रेरित, तर ‘एकोणीस’साठीचे ‘दहा-नऊ’ हे सापेक्षतः प्रेरित, असे त्याचे उदाहरण आहे. हाय-हॅटचा इतिहास या भेदाला काळाची मिती देतो. जन्मतः ही संज्ञा प्रेरित होती, कारण तिचे प्रतिपद व्यवहारात होते. प्रतिपद लोपल्यावर ती अप्रेरित झाली. प्रेरितता हा संज्ञेचा स्थायी गुण नाही, तर व्यवस्थेतील तिच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असलेली अवस्था आहे, हे येथे स्पष्ट होते. मराठीतील ‘शाई’ या शब्दाची गत अशीच आहे. फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा, यापासून आलेला हा शब्द आज ‘लाल शाई’ या प्रयोगात कोणासही खटकत नाही. तबल्याच्या पुडीवरील काळ्या शाईत मात्र त्याचा मूळ अर्थ अद्याप डोळ्यांना दिसतो.

स्थानावरून पडलेल्या नावांचेही असेच होते. ज्या ड्रमला अमेरिकेत ‘स्नेअर’ म्हणतात, त्याला ब्रिटिश परंपरेत ‘साइड ड्रम’ हे नाव आहे. कूच करणारा शिपाई तो पट्ट्याने गळ्यात अडकवी आणि ड्रम त्याच्या बाजूला तिरका लोंबे. तिरकेपणामुळे डाव्या हाताची काठी तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागे. संचामध्ये हा ड्रम वादकाच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे स्टँडवर आला आणि त्याची ‘बाजू’ राहिली नाही. तरीही नाव राहिले, इतकेच नव्हे तर डाव्या हाताची ती पकडही ‘पारंपरिक पकड’ म्हणून अनेक वादकांनी जपली. शब्दाप्रमाणे हालचालही आपल्या कारणाच्या पश्चात जगू शकते, याचे हे उदाहरण होय. डग्ग्याला ‘बायाँ’ म्हणण्यामागे डाव्या हाताचा संदर्भ आहे. डावखुरा वादक तो उजव्या हाताने वाजवितो तेव्हाही तो बायाँच असतो. ‘स्नेअर’ हे दुसरे नाव स्थानावरून नव्हे, तर घटकावरून आले आहे. ड्रमच्या खालच्या पडद्याला लागून ताणलेल्या तातींचा हा निर्देश असून त्याचा संबंध ‘तार’ या अर्थाच्या डच शब्दाशी जोडला जातो. आता आतड्याच्या तातींची जागा बहुधा धातूच्या नागमोडी तारांनी घेतली आहे.

ताण देण्याच्या यंत्रणेत शरीरावरून घेतलेली रूपके दिसतात. पूर्वी ड्रमचे पडदे दोरीने ताणत. दोरीच्या दोन पदरांवर चामड्याच्या पट्ट्या सरकवून ताण वाढवीत आणि त्या पट्ट्यांना ‘कान’ म्हणत. आपल्याकडे ढोलकच्या दोरीवरील कड्या हेच कार्य करतात. दोरीची जागा आट्यांच्या सळ्यांनी घेतल्यावर सळई ज्यात फिरते त्या धातूच्या बैठकीला ‘लग’ हे नाव मिळाले. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘लग’ म्हणजेही कानच. मराठीत कढईला कान असतात, त्याच जातीची ही कल्पना आहे. मोठ्या ड्रमच्या कड्याला पकडणारा आकडा म्हणजे ‘क्लॉ’, अर्थात पंजा. पेडलच्या आघाताने ड्रम पुढे सरकू नये म्हणून जमिनीत रुतणारे टोकदार पाय म्हणजे ‘स्पर’, अर्थात घोडेस्वाराच्या टाचेवरील टोचणी. वादकाच्या तिवईला तर ‘थ्रोन’, म्हणजे सिंहासन, म्हणतात. या शेवटच्या नावातील विनोद उघड आहे, परंतु प्रचाराने तो इतका झिजला आहे की दुकानाच्या यादीत ‘सिंहासन’ हा शब्द आता कोणी हसून वाचत नाही.

झांजांची नावे क्रियेवरून आलेली आहेत. १९४० च्या आसपास केनी क्लार्क यांनी लयीचा अखंड प्रवाह हाय-हॅटवरून वर टांगलेल्या मोठ्या झांजेवर नेला आणि मोठा ड्रम अवचित आघातांसाठी मोकळा केला. लय जिच्यावर स्वार होते ती ‘राइड’ आणि जी क्षणिक कोसळल्यासारखी वाजते ती ‘क्रॅश’. प्रारंभी हा भेद वादनातील होता, म्हणजे एकच झांज दोन्ही कामे करी. पुढे कारखानदार ही नावे झांजेवर छापू लागले आणि क्रियेचे नाव वस्तूचे झाले.

‘टॉम-टॉम’ या संज्ञेचा प्रवास याहून लांबचा आहे. अमेरिकेतील पहिले टॉम-टॉम चिनी बनावटीचे होते. त्यांवर रंगीत चित्रे असत, कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे आणि त्यामुळे स्वर चढविता-उतरविता येत नसे. नाव मात्र चिनी नव्हे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आढळणारा हा शब्द भारतीय भाषांतील ध्वन्यनुकारी शब्दावरून गेलेला आहे. ‘टिमकी’ हे मराठी वाद्यनाम त्याच नादमूलक घडणीचे असून ‘स्वतःची टिमकी वाजविणे’ या वाक्प्रचाराने ते वाद्य न पाहिलेल्यांच्याही तोंडी राहिले आहे. भारतीय नादातून घडलेला शब्द, चिनी ड्रम आणि अमेरिकन संच, असा हा संयोग होय. विसाव्या शतकात मुंबईच्या हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांतून व चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून, जेथे गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता, तो शब्द परका होऊन या देशात परतला.

द्रव्य पालटल्यावरही नाव टिकते, याचा पुरावा ड्रमच्या पडद्यातही मिळतो. १९५७ मध्ये रेमो बेली यांनी अमेरिकेत प्लास्टिकच्या पडद्यांचे उत्पादन सुरू केल्यानंतर वासराचे कातडे मागे पडले. इंग्रज वादक अद्याप प्लास्टिकला ‘स्किन’, म्हणजे कातडेच, म्हणतात. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत प्लास्टिकच्या पडद्यालाही ‘पान’ म्हटले जाते. दोन परस्परांशी असंबद्ध परंपरांनी एकाच परिस्थितीत एकच मार्ग स्वीकारला, ही बाब दुर्लक्षणीय नाही.

या विवेचनातून भाषांतरासंबंधी एक निष्कर्ष निघतो. हाय-हॅटचे ‘उंच टोपी’ हे भाषांतर हास्यास्पद ठरते, कारण संज्ञा ज्या तुलनेतून जन्मली ती तुलना मराठीत कधीच नव्हती. ‘पादचालित युग्मझांज’ अशी वर्णनात्मक घडण यथार्थ असली तरी ती वस्तूचे वर्णन करते, व्यवहाराचे नव्हे, आणि वादक ती वापरणार नाही. मूळ शब्द देवनागरीत घेणे आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी त्यामागील संबंध साध्या वाक्यात सांगणे, हाच मार्ग अशा ठिकाणी उचित ठरतो. शब्दाचा अर्थ देण्यापूर्वी तो शब्द कशाच्या तुलनेत, कोणत्या हालचालीतून वा कोणत्या द्रव्यामुळे पडला, हे भाषांतरकाराने पाहिले पाहिजे.

दुसरा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. पुडी, चाट, लव, गजरा, वादी, गट्टा, चुंबळ ही तबल्याची परिभाषा याच रीतीने, बनविणाऱ्यांच्या व वाजविणाऱ्यांच्या हातून घडलेली आहे. आता ढोलकी आणि तबला नटबोल्टने ताणण्याची पद्धत रूढ होत आहे. नटबोल्टच्या तबल्यात वादी नाही, म्हणून वादीखाली सरकवून स्वर मिळविण्याचा गट्टाही नाही. यांपैकी कोणती नावे नव्या वस्तूवर स्थलांतर करतील आणि कोणती लो-बॉयच्या वाटेने जातील, हे सांगता येत नाही. ड्रमसेटचा इतिहास सांगता येतो, याचे एक कारण कारखान्यांच्या सचित्र किंमतपत्रकांत प्रत्येक भागाचे नाव छापले जात होते. पुडी भरणाऱ्या कारागिराने असे पत्रक काढलेले नाही आणि त्याची परिभाषा बव्हंशी मौखिक आहे. महाविद्यालयाच्या गावातील वाद्यदुरुस्तीच्या दुकानात जाऊन, वस्तू समोर ठेवून, प्रत्येक भागाचे नाव आणि त्या नावाचे कारण टिपणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील संशोधन आहे. कारण विचारणारा आणि ते सांगू शकणारा, दोघेही एकाच वेळी उपलब्ध असण्याचा काळ मर्यादित असतो.