पॅच निघाला, पांढरकवड्यापर्यंत कधी पोचणार?

पांढरकवड्याच्या भागात आता कापूस गाडीत भरण्याआधी मोबाईलमध्ये नोंदवावा लागतो. २०२५च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली, माल आणण्याचा दिवसही तिथेच ठरवायचा. त्याच्या चार वर्षं आधी ई-पीक पाहणी सुरू झाली होती. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, मग पेऱ्याची नोंद सातबाऱ्यावर चढते. इथल्या केळापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा कोलाम पोडावरच्या तरुणाच्या हातात असलेला फोन बहुधा स्वस्तातला असतो, मेमरी बेताची, आणि कित्येकदा घरातल्या दुसऱ्या कुणी वापरून झाल्यावर मिळालेला. हमीभाव, पीकविमा, बँकेचा ओटीपी, सगळं त्या एका फोनवर येऊन थांबलं आहे.

त्या फोनच्या तळाशी लिनक्सचं कर्नल असतं. अँड्रॉइड म्हणजे त्यावर चढवलेला इमला. मेमरी कुणाला किती द्यायची, कधी परत घ्यायची आणि एकाची दुसऱ्याला दिसू द्यायची नाही, ही कर्नलची सगळ्यांत अवघड जबाबदारी. गेल्या वीस वर्षांत या भागातल्या चुका शोधण्याचं आणि दुरुस्त करण्याचं जे काम जगभर झालं, ते मोठं आहे आणि त्यात आपल्या पुण्याचाही हात आहे. पण दुरुस्ती, म्हणजे पॅच, लिहून झाली की ती पोचली, असं मात्र नाही. या लेखात मला बोलायचं आहे ते या अंतराबद्दल.

आधी रोजचा अनुभव. एखाद्या ॲपमध्ये लांबलचक फॉर्म भरायचा, शेवटी फोटोसाठी कॅमेरा उघडायचा, फोटो काढून मागे यावं तर फॉर्म कोरा. ‘मोबाईल हँग झाला’ म्हणून माणूस पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतो. आत घडतं ते असं. कॅमेऱ्याला मेमरी बरीच लागते. ती शिल्लक नसली की मागे गेलेल्या ॲपपैकी कुणाला तरी बंद करावं लागतं. हा निवाडा करण्यासाठी अँड्रॉइडने कर्नलमध्ये ‘लो मेमरी किलर’ नावाचा ड्रायव्हर घातला होता. मेमरी परत गोळा करण्याची कर्नलची जी यंत्रणा आहे, तिच्यातच त्याने आपलं मारेकऱ्याचं काम घुसवलं होतं. मेमरी व्यवस्थापन सांभाळणाऱ्या मंडळींना हे कधीच पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. अशी जागा भरभर चालावी लागते. तिथे प्रत्येक वेळी सगळ्या प्रक्रियांची यादी चाळत बसलं तर आधीच दमलेला फोन आणखी अडकतो. शेवटी २०१७ मध्ये, ४.१२ या आवृत्तीत, हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधून काढून टाकला. ते काम कर्नलबाहेरच्या एका सेवेकडे गेलं. २०१८ अखेरच्या ४.२० आवृत्तीत योहानेस वायनर यांची ‘पीएसआय’ ही मोजणी आली. मेमरी किती उरली यापेक्षा मेमरीवाचून कामं किती वेळ खोळंबली हे ती मोजते, त्यामुळे कुणाला कधी बंद करायचं हे अधिक शहाणपणाने ठरवता येतं.

याच्या जोडीला ‘झेडरॅम’चं नाव घ्यायलाच हवं. नितीन गुप्ता यांच्या ‘कॉम्पकॅश’ या प्रकल्पातून तो ड्रायव्हर निघाला. मेमरीची वापरात नसलेली पानं, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, डिस्कवर न टाकता दाबून मेमरीतच ठेवायची, ही त्याची युक्ती. २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत तो चाचणीच्या दालनातून बाहेर येऊन पक्का झाला. स्वस्त फोन आज चालतात त्यात या ड्रायव्हरचा वाटा फार मोठा आहे.

फॉर्म कोरा होणं त्रासाचं, पण निदान ते दिसतं. खरी भीती न दिसणाऱ्या चुकांची. मेमरीच्या चुकांतली सगळ्यांत कुप्रसिद्ध चूक म्हणजे सोडून दिलेली जागा पुन्हा वापरणं. शेत विकलं, फेरफार झाला, पण जुना मालक जपून ठेवलेला जुना सातबारा दाखवून पुन्हा त्याच शेतात पेरायला उतरला, तर काय होईल? इथेही तसंच. ड्रायव्हर मेमरीचा तुकडा परत करतो, कर्नल तो दुसऱ्याला देतं, आणि पहिल्या ड्रायव्हरकडे जुना पत्ता तसाच राहतो. त्या पत्त्यावर लिहिलं की दुसऱ्याचं पीक उद्ध्वस्त. हल्लेखोर तर मुद्दाम घाई करून त्या जागेत आपल्याला हवी ती वस्तू आणून बसवतो आणि अख्ख्या फोनचा मालक होतो.

अशी चूक पकडणं महाकठीण, कारण पडझड एका ठिकाणी होते आणि कारण भलतीकडे असतं. म्हणून कर्नलमध्ये एक जुनी खूण ठेवली आहे. तपासणीचा पर्याय चालू असेल तर सोडलेल्या तुकड्यात ‘६बी’ हे मूल्य भरून ठेवतात. कर्नल कोसळल्यावर छापल्या जाणाऱ्या अहवालात ‘६बी ६बी ६बी ६बी’ अशी रांग दिसली, की जाणता अभियंता पुढचं वाचण्याआधीच ओळखतो की कुणीतरी सोडलेल्या जागेला हात लावला आहे. एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेलं एक्सव्ही-६ हे छोटं कर्नलही सोडलेलं पान असंच भरून टाकतं, तिथे प्रत्येक बाइटमध्ये १ असतो. हेतू एकच, चूक लवकर आणि मोठ्याने फुटावी.

आता पुण्याकडे. चालू कर्नल थांबवून, दुसऱ्या संगणकावरून तारेने जोडून, त्याच्या पोटातली प्रत्येक किंमत वाचता येणारं साधन म्हणजे ‘केजीडीबी’. लिनक्सच्या स्रोतात आजही त्याची मूळ फाईल उघडली तर स्वामित्वहक्काच्या ओळींत व्हेरिटासच्या खाली अमित काळे हे नाव आणि पुढे पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचं नाव दिसतं, २००३ ते २००६ या वर्षांचं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये डीबगर नकोच होता. साधन हाताशी असलं की माणूस विचार न करता लक्षणांवरच मलमपट्टी करतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षं बाहेरून जोडायचा पॅच म्हणूनच राहिला आणि २००८ मध्ये, २.६.२६ आवृत्तीत, आत घेतला गेला. टोरवाल्ड्स यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नव्या बोर्डवर नवा ड्रायव्हर उभा करणाऱ्याला नुसत्या विचाराने भागत नाही. या वादात मी पुण्याच्या बाजूचा आहे. बंगळूरला आयबीएममध्ये, चालू कर्नलमध्ये तपासणीच्या जागा बसवणाऱ्या ‘केप्रोब्ज’वर झालेलं काम आणि बलबीर सिंग यांचा मेमरी कंट्रोलर हेही त्याच काळातले. पुढच्या पिढीची साधनं निराळी आहेत. ‘केएसॅन’ दर आठ बाइटमागे एका बाइटची छायानोंद ठेवून बेकायदा हात जागच्या जागी पकडतो. गूगलचा ‘सिझबॉट’ २०१७पासून कर्नलवर रात्रंदिवस वेड्यावाकड्या विनंत्यांचा मारा करून चुका बाहेर काढतो आहे.

एवढी साधनं असूनही दुरुस्ती किती चिवट असते, याचा धडा म्हणजे ‘डर्टी काऊ’ ही चूक. एकाच पानाच्या दोन वाटेकऱ्यांपैकी कुणी लिहायला लागला की त्याला वेगळी प्रत करून द्यायची, ही कर्नलची जुनी काटकसर. प्रत तयार होऊन तिच्यावर लिहिण्याच्या मधल्या क्षणात दुसऱ्या धाग्याने (थ्रेडने) ती प्रत फेकून द्यायला लावली, तर लिखाण मूळ पानावर जायचं. ते पान फक्त वाचण्यासाठी असलं तरी! चूक त्याहून जुनी, पण २००७ पासून ही फट हल्ल्यासाठी उघडी होती. फिल ओएस्टर यांना २०१६च्या ऑक्टोबरमध्ये तिचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर होताना आढळला. दुरुस्ती टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिली आणि सोबतच्या टिपणात नमूद केलं, की हीच चूक अकरा वर्षांपूर्वी आपण दुरुस्त करायला गेलो होतो, ती नीट झाली नव्हती आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या अडचणीमुळे मागेही घ्यावी लागली. नवी दुरुस्ती मोजक्या ओळींची. पण मोठ्या आकाराच्या पानांसाठी तिच्यातही फट राहिली होती, ती २०१७च्या अखेरीस सापडली आणि बुजवली.

माझ्या मुद्द्याला मात्र निराळी तारीख महत्त्वाची वाटते. अँड्रॉइडसाठीची दुरुस्ती २०१६ संपण्याआधीच निघाली होती. तरीही २०१७च्या सप्टेंबरमध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीला ‘झेडएनआययू’ हे डर्टी काऊवर चालणारं घातक ॲप सापडलं. चाळीसहून अधिक देशांत त्याचे बळी होते आणि त्यांतले बहुसंख्य चीन आणि भारतात. औषध तयार होऊन जवळपास वर्ष झालं होतं.

२०२२ मध्ये हेच पुन्हा, आणि आणखी लख्ख दिसलं. स्वस्त फोनमध्ये सर्रास असणाऱ्या माली ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर स्वतःचं मेमरी व्यवस्थापन सांभाळतो आणि चुका नेमक्या तिथेच होत्या. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या चुका शोधणाऱ्या पथकाने जून-जुलैमध्ये पाच चुका मालीचा आराखडा करणाऱ्या आर्मला कळवल्या. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये त्या दुरुस्त केल्या. नोव्हेंबरमध्ये तपासणी केली, तर पाहिलेल्या एकाही फोनपर्यंत दुरुस्ती आली नव्हती. चिप बनवणारा, फोन बनवणारा, कधी मधला मोबाईल ऑपरेटर, प्रत्येक टप्प्यावर पॅच थांबतो. त्यात दुरुस्ती जगजाहीर झालेली असते, म्हणजे हल्लेखोराला कुठे बघायचं हे आयतंच कळतं. न पोचलेली दुरुस्ती अशी दुप्पट धोक्याची होते.

संगणकांचं जग याहून बरं आहे असं समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने २१व्या रकान्याची किंमत वाचायला हात घातला. यादीत २०च होत्या. हद्दीबाहेरच्या या एका वाचनाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं बंद पडली आणि भारतातही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तिथे नीट न तपासलेला बदल सगळीकडे एकदम पोचला. म्हणजे पोचवणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती हळूही चालत नाही आणि आंधळेपणानेही चालत नाही.

पुढे काय? २०२२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत रस्ट भाषेला कर्नलमध्ये प्रवेश मिळाला. सोडलेल्या जागेला हात लावणारा कोड ही भाषा बहुतेक वेळा तयारच होऊ देत नाही. गूगलने दिलेल्या आकड्यांनुसार अँड्रॉइडमधल्या सुरक्षा-चुकांत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, आणि याचं मुख्य श्रेय नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिण्याला जातं. त्याच ६.१ आवृत्तीत यू झाओ यांची, मेमरीतून काढायची पानं निवडण्याची नवी पद्धत आली. तिने कमी मेमरीच्या फोनवर ॲप मारली जाण्याचं प्रमाण घटतं. पण फोन विकला जातो त्या दिवशी त्यात असलेली कर्नलची मुख्य आवृत्ती सहसा शेवटपर्यंत तीच राहते. चार वर्षं जुन्या फोनला या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली महाविद्यालयांना. यवतमाळ, अमरावती, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय परीक्षेपुरता पाठ केला जातो. अच्युत गोडबोल्यांसारख्या मराठी माणसाने त्यावर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं, ते वाचून मुलं पासही होतात. त्यांना एक्सव्ही-६ची मेमरी वाटणारी फाईल उघडून द्या, ती शंभर ओळींचीही नाही. त्यानंतर सिझबॉटची न सुटलेल्या चुकांची यादी दाखवा. ती सगळ्यांसाठी खुली आहे, फी नाही, पुण्यात राहण्याची अट नाही.

दुसरी विनंती सरकारला. पिकाची नोंद आणि हमीभाव मोबाईलवर आणला, तर तो मोबाईल किती काळ सुरक्षित राहील हेही पाहिलं पाहिजे. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून, सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करण्याची सक्ती केली. युरोपीय संघाने जून २०२५पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देण्याचा नियम लागू केला. आपल्याकडे खोक्यावर किंमत छापावीच लागते, तशी ही तारीखही छापायला लावावी. तोवर दिवाळीला घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या फोनमधल्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख बघा. ती दोन वर्षांहून जुनी असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार बंद करा.