स्पंजच्या गोळीची बंदूक घेताना

मढीला कानिफनाथांची यात्रा असो की पारनेरकडची कोरठणच्या खंडोबाची, खेळण्यांच्या दुकानासमोर पोरगं अडून बसलं की हल्ली ते बंदूकच मागतं. टिकल्यांची नव्हे, गोळी सुटणारी. दुकानदार सगळ्या बंदुका एकाच दोरीला टांगतो. म्हणून आज त्यांतला फरक सांगते.

एक असते छर्‍याची. तिची गोळी कडक प्लास्टिकची, साधारण 6 मिलिमीटरची. ही घरात आणूच नका. दुसरी स्पंजच्या गोळीची. ती गोळी बोटाएवढी लांब, अर्धा इंच जाड, टोकाला मऊ रबराची टोपी. छर्‍यापेक्षा तिचं तोंड चौपटीहून मोठं, त्यामुळे मार पसरतो आणि अंगाला टोचत नाही.

स्पंजवालीतही दोन जाती आहेत. हाताने ओढायचीत सायकलच्या पंपासारखा दट्ट्या असतो आणि त्यामागे स्प्रिंग. मूठ मागे ओढली की स्प्रिंग दबते, चाप ओढला की दट्ट्या पुढे येतो आणि हवेचा झोत गोळी ढकलतो. सेलवर चालणारीत उसाच्या चरकासारखी दोन चाकं गरगर फिरतात आणि मधून गोळी भिरकावतात. एकामागे एक गोळ्या सुटतात, म्हणून पोरांना हीच हवी असते. अंगणातल्या खेळाला मी मात्र हाताचीच घेईन. गोळी सुटली की आणायला पळावं लागतं, आणि निम्मी मजा त्या पळण्यातच आहे. सेलचा खर्च नाही, समोरच्याला निसटायला वेळही मिळतो. दोन भावंडं असतील तर साध्या दोन घ्या, भारी एक नको. एकाकडेच बंदूक असली की दुसरं नुसतं मार खातं.

घेण्याआधी गोळीची टोपी ओढून बघा. सहज निघत असेल तर घरातलं तान्हं ती तोंडात घालणार. एक गोळी आपल्याच तळहातावर मारून बघा. तिडीक उठली तर परत द्या. आणि खोक्यावर आयएसआयची खूण शोधा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे. खुणेजवळ सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. गटातल्या कुणी यात्रेत खेळण्यांचा स्टॉल लावत असतील तर माल भरतानाच हे बघा.

खरं भय मात्र पोरांच्या डोक्यातल्या युक्त्यांचं. स्पंजच्या टोकात बाभळीचा काटा खोचायचा, गोळीऐवजी नळीत खडा किंवा पेन्सिलचा तुकडा घालायचा. असं दिसलं की बंदूक त्याच दिवशी काढून घ्या. पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढायची बंदूक तर खेळणंच नव्हे. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा केली, त्यात मुलंच जास्त.

मऊ गोळीही डोळ्याला मऊ नसते. मोठा चेंडू भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, ही अर्ध्या इंचाची गोळी थेट बुबुळावर जाते. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. तिघांच्याही डोळ्यात आत रक्त उतरलं होतं, त्यांतला एक 11 वर्षांचा मुलगा. तेव्हा नेम छातीच्या खालीच, जवळून मारायचं नाही, आणि डोळ्यांवर साधा प्लास्टिकचा गॉगल.

खेळ संपला की गोळ्या मोजून घ्या. कडब्यात पडलेली गोळी शेळी चाऱ्याबरोबर गिळते, आणि ती पोटात पचत नाही.

डोळ्याला लागलंच तर चोळू देऊ नका, दाबू नका. तूप, मध, दूध, काजळ, काही घालू नका. पोराला डोकं उंच ठेवून निजवा. अंधुक दिसतंय, डोळ्यात रक्त दिसतंय, उलटी होतेय किंवा पोर गुंगीत जातंय, असं असेल तर लगेच ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथे डोळ्यांचे डॉक्टर नसतील तर नगरला जिल्हा रुग्णालयात. वरून काही दिसत नसलं, दुखायचं थांबलं, तरी त्याच दिवशी दाखवा.