परभणीकरांनो, टिपेश्वर सफारी: टूरवाल्यासोबत की स्वतः आखून?

अमेरिकेत एल्क हरणाच्या शिकारीला जाताना गाईड घ्यायचा की स्वतः निघायचं, यावर तिकडे जोरदार वाद होतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. म्हणून आपली ‘शिकार’ कॅमेऱ्याचीच! सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. ते आणि वाघ दोन्ही पाहायचे असतील, तर यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य गाठा. इथूनच निघालेला एक तरुण वाघ 2019 मध्ये पायी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

🚂 स्वतः जायचं तर: परभणीहून नंदीग्राम एक्स्प्रेसने आदिलाबाद, तिथून महामार्गाने टिपेश्वरजवळचं पांढरकवडा. सफारीचं बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावर होतं. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं, त्यामुळे पाच-सहा जण जमले की खर्च बराच उतरतो. ओळखपत्र विसरू नका.

🧳 टूरवाल्यासोबत कधी? सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, ग्रुप जमत नसेल किंवा मुक्काम-जेवणाची धावपळ नको असेल तेव्हा. पैसे देण्याआधी सफारी किती आणि कोणत्या गेटने, हे लेखी घ्या. ‘वाघ नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

🌿 जंगलाच्या आत मात्र स्थानिक गाईड हवाच. सांबराने धोक्याची हाक दिली की वाघ कुठल्या अंगाला असेल, हे त्याला कळतं, आपल्याला नाही.

माझं मत: प्रवास स्वतः आखा, जंगल गाईडवर सोपवा. पावसाळ्यात सफारी बंद असते, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवा.