मांजर केसांचा गोळा का ओकते?



आपल्या खुटबावच्या वाड्या-वस्त्यांवर, उंदरांसाठी का होईना, मांजर असतंच. कधीतरी ते मान लांब करून ‘खॅक खॅक’ करतं आणि ओलसर, लांबट गोळा टाकतं. मुलांना वाटतं, मनीनं उंदीर ओकला. तो तिच्याच केसांचा गोळा असतो.

याचं मूळ जिभेत आहे. मांजराची जीभ पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. ते आपल्या नखांसारखेच केराटिनचे. अंग चाटताना सुटे केस त्यांत अडकतात, आणि काटे मागे वळलेले असल्यानं थुंकायची सोय नाही, गिळावेच लागतात. केसही केराटिनचेच, म्हणून पचत नाहीत. बरेचसे विष्ठेतून जातात, उरलेले जठरात गुंततात. अरुंद अन्ननलिकेतून वर येताना त्या गुंत्याला लांबट आकार येतो. (नखं, केस, शिंगं असा पाठ इथे सहज जोडता येतो.)

अधूनमधून असा गोळा पडला तर घाबरू नका. रोज पाच मिनिटं मांजर विंचरा. फणीला तयार नसेल तर ओला हात अंगावरून फिरवा, सुटे केस हातालाच चिकटतात. उन्हाळा लागताना केस जास्त गळतात, तेव्हा तर हे कराच. प्यायला पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. चमचाभर तूप द्यायची पद्धत आहे, पण तूप पचून जातं, त्याचा फारसा उपयोग नाही. एरंडेल बळंच पाजू नका, श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. मांजर गवत खातं तेही खाऊ द्या, फक्त तणनाशक मारलेल्या उसाच्या बांधावरचं नको. कुंडीत मूठभर गहू पेरले की झालं.

मात्र नुसतीच उबळ येतेय, काही पडत नाही, दिवसभर खाल्लेलं नाही, पोट फुगलंय, तर ‘केस अडकले असतील’ म्हणून थांबू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. वारंवारची उबळ दम्याचीही असू शकते.

आणि मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. संक्रांतीच्या दिवसांत मांजर पतंगाचा दोरा गिळतं. तो तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. नाडी ओढली की लेंग्याला चुण्या पडतात, तशाच आतड्याला पडतात आणि ते आतून कापलं जातं. दोरा आहे तसाच राहू द्यायचा, मोठ्या माणसाला हाक मारायची आणि मांजराला टोपलीत घालून दवाखाना गाठायचा.