एका वेळी एकच आवाज
लेखमाला : लहरींच्या वाटा (भाग ६)

मकर संक्रांतीच्या सुमारास हुगळी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या सागर बेटावर लाखो माणसं उतरतात. संगमावर स्नान, कपिल मुनींचं दर्शन आणि परत. वाट मात्र सरळ नाही. कोलकात्याहून बसने काकद्वीपजवळच्या लॉट नंबर आठच्या धक्क्यावर यायचं, मुडीगंगेचं पात्र फेरीबोटीने ओलांडून कचुबेडियाला उतरायचं आणि तिथून पुन्हा बस धरायची. या चढउतारात म्हातारी माणसं हरवतात. नवरा एका बोटीत, बायको मागच्या. आजीला फोन नंबर पाठ नसतो, तिला फक्त तिची बोली येते आणि ती गावाचं नाव सांगते त्या नावाची गावं तीन जिल्ह्यांत असतात.

वेस्ट बंगाल रेडिओ क्लबची मंडळी या जत्रेत हातातले वायरलेस संच घेऊन टप्प्याटप्प्यावर उभी असतात. कुणी नोकरदार, कुणी दुकानदार, कुणी विद्यार्थी. पगार कुणालाच नाही. चुकलेल्या माणसाचं वर्णन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं आणि पुष्कळदा तिथेच काम होतं. होत नाही तेव्हा खरी कसोटी लागते. आजीच्या बोलीवरून मुलूख ताडायचा, जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं, बाजार कुठे भरतो, देऊळ कुणाचं हे एकेक करून काढून घ्यायचं आणि मग त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला, पोलिसांना, सरपंचाला गाठायचं. वर्षानुवर्षांपूर्वी घरातून निघून गेलेली, रस्त्यावर सापडलेली माणसंही या क्लबने घरी पोचवली आहेत. यातलं निम्मं काम रेडिओचं नाही, चौकशीचं आहे.

गेल्या भागात आपण मध्यम लहरींचे मनोरे पाहिले. तिथे एक बोलतो आणि लाखो ऐकतात. हौशी रेडिओत, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्यात, ऐकणारा प्रत्येक जण बोलूही शकतो. स्वातंत्र्य मोठं आहे आणि गोंधळाची शक्यताही तेवढीच मोठी. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की तिसऱ्याच्या कानात नुसती खरखर. त्यामुळे या छंदाचा पहिला धडा बोलण्याचा नसून थांबण्याचा आहे. संच पैसे टाकले की मिळतो. थांबण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते आणि ती एकट्याने लागत नाही. क्लब लागतो तो यासाठी.

मोबाइल असताना हे हवंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आषाढीला पंढरपुरात फोन लावून पाहिलेल्यांना त्याचं अर्धं उत्तर ठाऊक आहे. एक टॉवर एका वेळी ठराविकच संभाषणं पेलतो. गर्दी वाढली की उरलेले नुसतेच ‘कॉलिंग’ वाचत बसतात. पुरात किंवा भूकंपात आणखी दोन गोष्टी होतात. टॉवरची वीज जाते, आणि वीज टिकली तरी टॉवरला उरलेल्या जाळ्याशी जोडणारी केबल तुटते. शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी बोलायचं तरी तुमचा आवाज आधी टॉवरकडे आणि तिथून त्या केबलमधून जातो, हे आपल्या लक्षातच नसतं. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना घरचा फोन लागेना तो यामुळेच. हॅमच्या संचाला मध्यस्थ लागत नाही. एक अँटेना, एक बॅटरी आणि पलीकडे तसंच कुणीतरी, एवढं पुरतं.

अर्थात याचं कौतुक करताना हात आखडता घेतलेला बरा. हातातला पाच वॉटचा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शहरातल्या इमारतींमधून जेमतेम काही किलोमीटर जातो. या लहरी साधारणपणे नजर जाते तिथवरच जातात. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा केला तो याच कारणाने. उंचावरून नजर लांब जाते. क्लबही असंच करतात. उंच जागा मिळवून तिथे ‘रिपीटर’ बसवतात. तो एका कंपनसंख्येवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर जास्त ताकदीने बोलतो. दरीतला माणूस रिपीटरला दिसतो आणि पलीकडच्या गावालाही रिपीटर दिसतो, की झालं. रिपीटर चालू ठेवणं हे क्लबचं सर्वांत कंटाळवाणं काम. बॅटऱ्या बदला, पावसात केबलमध्ये पाणी शिरलं ते काढा, विजेने जळलेला भाग शोधा, जागामालकाची मनधरणी करा. त्याचे फोटो कुणी छापत नाही.

आणि वादळात नेमका रिपीटरच बंद पडला तर? शिवाय सह्याद्रीच्या घड्या अशा आहेत की काही खोरी कुठल्याच शिखरावरून दिसत नाहीत. इथे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची एक युक्ती कामी येते, आणि मला या सगळ्या विषयातली ती सर्वांत देखणी वाटते. या लहरींची लांबी सुमारे ४० मीटर. साधारण २० मीटर तार घ्यायची, मधोमध तोडून तिथे संचाची केबल जोडायची आणि तार दोन झाडांमध्ये आडवी ताणायची. अँटेना उंच हवी असं सगळी पुस्तकं सांगतात. इथे ती मुद्दाम खाली, तीन-चार मीटरवर ठेवायची. मग बहुतेक शक्ती क्षितिजाकडे न जाता सरळ वर जाते, जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराला धडकते आणि चहूबाजूंना खाली येते. पाइपचं पाणी छतावर मारलं की भोवतालचे सगळेच भिजतात, तसं. डोंगर मध्ये असला तरी हरकत नाही, कारण लहर डोंगराच्या डोक्यावरून उतरते. घाटाखालच्या गावाहून पुणं, कोल्हापूर, मुंबई दिवसा अशी एकाच उडीत गाठता येतात. रात्र पडली की आयनांबर विरळ होतं, लहरी आरपार निघून जाऊ लागतात आणि आणखी लांब लहरींच्या पट्ट्यावर सरकावं लागतं. हे कधी करायचं ते पुस्तकातून कळतं. पण आज, या घडीला करायचं का, हे रोज ऐकणाऱ्यालाच कळतं.

म्हणून क्लबांचं ‘नेट’ महत्त्वाचं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एका कंपनसंख्येवर हजर व्हायचं. एक जण नेट कंट्रोल. तो हजेरी घेतो, ज्याचं काम तातडीचं त्याला आधी बोलू देतो, बाकीचे गप्प बसतात. बाहेरच्याने ऐकलं तर वाटेल, हे काय चाललंय? हवामान, अँटेना, कुणाच्या मुलीचं लग्न. पण त्या गप्पांच्या ओघात कुणाचा आवाज कुठून कसा येतो, कुणाची बॅटरी नेहमी बसते, कोण घाबरला की भरभर बोलतो, हे सगळं नेट कंट्रोलच्या डोक्यात बसत जातं.

निरोप देण्याचीही रीत असते. आधी लिहून काढायचा, मग वाचायचा. घेणाऱ्याने परत वाचून दाखवायचा. जुळला तरच ‘मिळाला’ म्हणायचं. आकडे सुटे सांगायचे. खरखरीत ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत फरक करून दाखवा! ‘पाच नऊ’ म्हटलं की प्रश्न मिटतो. रक्ताच्या बाटल्या किंवा धान्याची पोती सांगताना ही चूक परवडत नाही. नावं ‘अल्फा, ब्रॅव्हो, चार्ली’च्या अक्षरमालेत फोडायची. ही शिस्त जुनी आहे. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम याने अमेरिकेत हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी केली तीच मुळी निरोप हातोहात पुढे पोचवण्यासाठी. एकाच्या संचाचा पल्ला तेव्हा तोकडा होता, म्हणून गावोगावी साखळी हवी होती.

आणखी एक नियम नवख्याला खटकतो. हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत बोलून अर्थ लपवायला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे. जे बोलाल ते कुणीही ऐकेल. यामुळे सरकारांचा विश्वास टिकतो, आणि मदतीची हाक योगायोगाने भलत्याच कुणाच्या कानी पडून काम होऊ शकतं. पण दुसरी बाजूही आहे. जखमीचं नाव, आजार, घराचा पत्ता हे सगळं उघड्यावर जातं. म्हणून जाणते क्लब मृतांची नावं हवेवर वाचत नाहीत. नातेवाइकांनी ती बातमी परक्याच्या रेडिओवर ऐकू नये. वाचलेल्यांची नावं मात्र मोकळेपणाने जातात.

डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरहून गेली ती अशीच नावं. दिल्लीच्या भारती प्रसाद, कॉल साइन व्हीयू२आरबीआय, हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या वतीने पथक घेऊन तिथे गेल्या होत्या त्या निव्वळ हौसेपोटी. हॅमच्या खेळात अंदमान-निकोबार हा स्वतंत्र ‘देश’ धरतात आणि १९८७ नंतर तिथून कुणी बोललंच नव्हतं. त्यामुळे काही सेकंदांच्या भेटीसाठी जगभरातले हॅम रांग लावून होते. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ लाटा आल्या, बेटांचं दळणवळण कोलमडलं. आदल्या रात्रीपर्यंत ज्या संचावर ‘आवाज स्वच्छ, धन्यवाद, पुढचा’ एवढंच चाललं होतं, त्याच संचावरून मुख्य भूमीवरच्या हॅम मंडळींना कोण सुखरूप आहे ते कळू लागलं आणि त्यांनी ते घराघरांत कळवलं. सरकारी यंत्रणेलाही या दुव्याचा उपयोग झाला. पथक तिथे नसतं तर बाहेरून संच नेऊन हे जाळं उभं करायला किती वेळ गेला असता, कल्पना करा. किल्लारीच्या भूकंपात १९९३ मध्ये आणि कच्छमध्ये २००१ ला हौशी मंडळींना बाहेरूनच जावं लागलं होतं.

तयारी आपत्तीची वाट पाहत करायची नसते, हे बॉस्टनकरांना ठाऊक आहे. तिथल्या मॅरेथॉनमध्ये वाटेवरच्या प्रथमोपचार केंद्रांवर, थकलेल्या धावपटूंना उचलणाऱ्या बसमध्ये हॅम बसलेले असतात. काम साधं : इथे पाणी संपलं, तिथे एकाला चक्कर आली. १५ एप्रिल २०१३ ला शेवटच्या रेषेजवळ स्फोट झाले, मोबाइलवर ताण येऊन फोन लागेनासे झाले, तेव्हा ही माणसं आधीच जागेवर होती, एकमेकांचे आवाज ओळखत होती. अमेरिकेत परवानाधारक सात लाखांहून अधिक; १९३३ पासून ते जूनच्या एका शनिवार-रविवारी मैदानात तंबू ठोकून, जनरेटर आणि बॅटरीवर चोवीस तास संच चालवतात. स्पर्धा, सराव, सहल सगळंच. येणाजाणाऱ्या पोरांना माइक हातात देतात. मला पदकं आणि प्रशस्तिपत्रांपेक्षा हा तंबू जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्याकडे संख्या त्या मानाने फार थोडी. परंपरा जुनी आहे. भारतातला पहिला हौशी परवाना कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तांना १९२१ मध्ये मिळाला. पण परदेशी संचांवरचं आयातशुल्क माफ व्हायला १९८४ उजाडलं. आता अडचण उलटी आहे. दोन-तीन हजारांत चिनी हँडसेट मिळतो आणि ट्रेकला जाणारे गट तो सर्रास बॅगेत टाकतात. परवान्याशिवाय हौशी पट्ट्यावर बोलणं गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि परवाना असलेल्यांतही असे पुष्कळ की ज्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, पण आवाज वर्षानुवर्षं हवेवर नाही. क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप गट जोरात, नेट मात्र ओस. पूर आला की असा क्लब हँडसेट घेऊन धावतो आणि तहसील कचेरीत त्याला कुणी ओळखत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याचं प्राधिकरण असतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. क्लबचं नाव, त्याच्या सभासदांची गावं आणि कोणाकडे कोणता संच आहे हे त्या जिल्ह्याच्या आराखड्यात कोरड्या दिवसांतच नोंदलेलं हवं. एरवी तिऱ्हाइताचे निरोप नेण्यावर हौशी केंद्रांना बंधनं आहेत; नेहमीची यंत्रणा कोसळते तेव्हा सक्षम अधिकाऱ्यांसाठी ती सैल होतात. तो अधिकारी आणि क्लब एकमेकांना आधीपासून ओळखत असले, तरच या सवलतीचा उपयोग.

ज्यांना यात उतरायचं आहे त्यांच्यासाठी : केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. शिक्षणाची अट नाही. प्राथमिक विद्युतशास्त्र, रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. ‘रिस्ट्रिक्टेड’ दर्जाला मोर्स लागत नाही, ‘जनरल’ला लागतं. अभ्यासाआधी जवळच्या क्लबच्या नेटच्या वेळी एखाद्या सभासदाच्या घरी जाऊन बसा. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, तरी बसा.

पुढच्या भागात : १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी मंडळींना आपापली प्रक्षेपण यंत्रं जमा करायला लावली. तरीही १९४२ च्या ‘छोडो भारत’च्या दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचं यंत्र बांधणारे नरिमन प्रिंटर कोण होते आणि पोलिसांना त्या लहरीचा माग कसा लागला, ते पाहू.